कुटुंबाचे अर्थनियोजन : कागदावरचे आणि घरातले

गेल्या दोन दशकांत 'सर्वंकष आर्थिक नियोजन' हा शब्दप्रयोग मराठी मध्यमवर्गाच्या कानांवर इतक्या वेळा पडला आहे की, त्याचा अर्थच झिजून गेला आहे. मुदत ठेवीचे नूतनीकरण करण्यासाठी बँकेत गेलेल्या ज्येष्ठ नागरिकाला समोरचा तरुण कर्मचारी आदराने खुर्ची देतो, भविष्याच्या नियोजनाचे चार शब्द सांगतो आणि शेवटी पुढे सरकवतो तो एखाद्या विमा पॉलिसीचा अर्ज. हा अनुभव घेतलेला गृहस्थ नियोजन या शब्दापासून चार हात दूर राहू लागला, तर त्यात नवल नाही. 'आम्ही काय टाटा-बिर्ला आहोत? पगार येतो, खर्च होतो, उरेल ते शिल्लक टाकतो. यात नियोजन कसले करायचे?' असे तो विचारतो. प्रश्न साधा वाटतो, पण तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या मागच्या दोन पिढ्या कोणताही आराखडा न करता संसार करून गेल्या, मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. मग आताच हे नवे लचांड कशासाठी?

वस्तुतः मागच्या पिढ्यांचे संसार नियोजनाशिवाय चाललेच नव्हते. नियोजन होते, ते कागदावर नव्हते इतकेच. एकत्र कुटुंब हीच एक संपूर्ण अर्थव्यवस्था होती. कर्ता भाऊ अकाली गेला, तर त्याची पत्नी आणि मुले त्याच घरात, त्याच पंक्तीला जेवत. हा त्या घराचा आयुर्विमा होता. गावाकडची जमीन आणि तिथून येणारे तांदूळ-डाळ हे निवृत्तिवेतन होते. पुण्यात शिकायला आलेल्या पुतण्याला काकांच्या वाड्यात मिळणारी जागा ही शिष्यवृत्ती होती. स्त्रीधनाचे दागिने मोडून निघणारे पैसे हा आपत्कालीन निधी होता. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. या विम्याचा हप्ता पुष्कळदा घरातल्या विधवा आत्याने किंवा धाकट्या जावेने आयुष्यभर स्वयंपाकघरात राबून भरलेला असे, आणि त्याची पावती तिला कोणी दिली नाही. तथापि, संकट आले असता माणूस उघड्यावर पडत नसे, हे खरे.

एकत्र कुटुंब विरळ होऊ लागले, तेव्हा त्याची जागा काही काळ शासनाने घेतली. जानेवारी १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. १९६८ च्या कायद्याने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आला. त्यावर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते, तेही करमुक्त. सरकारी नोकरी, बँकेतील नोकरी, शाळा-महाविद्यालयांतील नोकरी यांना निवृत्तिवेतन होते. ज्याच्या घरात इतके सारे होते, त्याला आराखड्याची गरज खरोखरच नव्हती. दिल्लीत बसलेल्या कोणीतरी तो आधीच करून ठेवला होता.

हे दोन्ही आधार एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत गेले. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांचे जुने निवृत्तिवेतन संपले. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतनाचा पर्याय आणून काही दिलासा दिला. पण खासगी नोकरदाराला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ मध्ये किमान रक्कम ठरली ती दरमहा १,००० रुपये. भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. दुसरीकडे वाड्यांच्या सदनिका झाल्या, चार भावंडांच्या जागी एक किंवा दोन अपत्ये आली, आणि तीही बंगळूरूला नाहीतर बोस्टनला. ज्या कामांसाठी पूर्वी सबंध घर होते, त्या कामांसाठी आता एक जोडपे उरले आहे. सर्वंकष नियोजन हवे की नको, या प्रश्नाचे उत्तर येथे दडलेले आहे. घर जे न बोलता करत होते, ते आता बोलून आणि लिहून करावे लागणार. त्यातला एखादाच भाग उचलून भागणार नाही, कारण एकत्र कुटुंबही एखाद्याच संकटापुरते एकत्र नव्हते.

मार्च महिन्याचे अर्थशास्त्र

परंतु आजवर पगारदार घरात नियोजन म्हणून जे काही झाले, ते बव्हंशी प्राप्तिकराच्या भीतीने. जानेवारी उजाडला की कार्यालयातील लेखा विभागातून गुंतवणुकीचे पुरावे मागणारे पत्रक फिरे. मग घाईघाईने एखादी पॉलिसी, टपाल कार्यालयाची राष्ट्रीय बचतपत्रे, भविष्य निर्वाह निधीत थोडी भर. हे काम होता होता वीस-पंचवीस वर्षांत घरात एक गाठोडे तयार होते. सात-आठ विमा पॉलिसी, तीन बँकांतील ठेवी, एका पतपेढीतील आवर्त ठेव, कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले शेअर आणि कर्जाचे हप्ते फेडून झालेले घर. आता नव्या करप्रणालीत कलम ८० सी ची ती वजावट मिळत नाही, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला कर पडत नाही. म्हणजे बचतीची ती सक्तीही संपली. ज्यांची बचत केवळ करापोटी होत होती, त्यांच्या हाती आता खर्चाला जास्त पैसा आणि साठवायला कमी कारण, अशी स्थिती आहे.

हे गाठोडे दिसायला भरभक्कम असते. ते संकटात कितपत उपयोगी पडते, हे मात्र तपासलेले नसते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या २०१७ च्या अहवालानुसार, भारतीय कुटुंबाच्या सरासरी संपत्तीपैकी ८४ टक्के घर-जमीन व अन्य भौतिक वस्तूंमध्ये, ११ टक्के सोन्यात आणि केवळ ५ टक्के आर्थिक साधनांत असते. घर असावे, यात वाद नाही. पण घराची एक खोली विकून रुग्णालयाचे बिल भरता येत नाही.

जे ५ टक्के उरतात, तेही बहुधा ओळखीच्या ठिकाणी एकवटलेले असतात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी खातेदाराला खात्यातून काढता येणारी रक्कम होती फक्त १,००० रुपये. मुंबई परिसरातील कितीतरी निवृत्तांची सारी पुंजी त्या एकाच बँकेत होती. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून ताटकळले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा त्या काळात १ लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून मिळते. हे एक वाक्य ज्या घराला वेळीच ठाऊक होते, त्याने ठेवी विभागून ठेवल्या. येथे अर्धा टक्का जादा व्याज आणि संचालक आपल्या ओळखीचे, एवढ्याच आधारावर आयुष्याची कमाई ठेवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र रांगा आल्या. सहकारावरील श्रद्धा ही महाराष्ट्राची चांगली परंपरा आहे. पण श्रद्धेला ताळेबंद वाचता येत नाही.

सल्ला कोणाचा, लाभ कोणाचा

या घराला सल्ला द्यायला माणसांची कमतरता नाही. विमा प्रतिनिधी हा बहुधा मेहुणा असतो, शेजारी असतो किंवा सामाजिक कार्यातील सहकारी असतो. त्याला नाही म्हणणे जड जाते, आणि त्याचे कमिशन कुठून येते, हे विचारणे तर असभ्यच समजले जाते. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसन थॉमस या अभ्यासकांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या पद्धतीने विकल्या गेलेल्या आणि मध्येच बंद पडलेल्या विमा पॉलिसींमुळे ग्राहकांचे झालेले नुकसान सुमारे दीड लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला आहे. हा पैसा कोणा दरोडेखोराने नेलेला नाही. तो चहा पिताना, विश्वासाने, सही करून दिलेला आहे.

यावर उपाय म्हणून 'सेबी'ने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम केले. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत सल्लागाराला एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर विक्रीही करायची, असे दोन्ही करता येत नाही. त्याच्या ठरावीक शुल्काला मर्यादाही आहे. ती आधी वर्षाला सव्वा लाख रुपये होती, पुढे १ लाख ५१ हजार झाली. प्रत्यक्षात साध्या पगारदार घराला याहून पुष्कळ कमी खर्च येतो. तरीही देशात असे सल्लागार आहेत जेमतेम हजाराच्या आसपास. कारण उघड आहे. 'फुकट' सल्ला मिळत असताना शुल्काचा धनादेश फाडायला कोणी तयार नाही.

फुकटाची किंमत मोजून पाहावी. दरमहा १० हजार रुपये २० वर्षे गुंतवले आणि वार्षिक १२ टक्के परतावा मिळाला, तर सुमारे १ कोटी होतात. म्युच्युअल फंडाच्या नियमित योजनेत मध्यस्थाच्या कमिशनापोटी वर्षाला १ टक्का कमी पडला, तर तीच रक्कम ८७ लाखांच्या आसपास राहते. म्हणजे १२-१३ लाखांचा फरक. जानेवारी २०१३ पासून कमिशनविरहित 'डायरेक्ट' योजना उपलब्ध आहेत. पण त्या घ्यायच्या तर स्वतः शिकावे लागते किंवा कोणाला तरी उघडपणे शुल्क द्यावे लागते. दोन्ही मार्ग सन्माननीय आहेत. फुकटचा मार्ग तेवढा नाही.

मात्र शुल्क घेणाऱ्या सल्लागाराचा साठ पानी अहवाल हातात पडला, म्हणजे भवितव्य हाती आले, असेही समजू नये. त्या अहवालातील सर्वांत आकर्षक पान हे सर्वांत कमी भरवशाचे असते. वरच्याच उदाहरणात परतावा १२ ऐवजी ९ टक्के निघाला, तर १ कोटीचे ६७ लाख होतात. आज ज्या घराचा मासिक खर्च ४० हजार आहे, त्याला २० वर्षांनी महागाई ५ टक्के धरली तर सव्वा लाखाच्याही आत, सुमारे १ लाख ६ हजार लागतील; ७ टक्के धरली तर १ लाख ५५ हजार. २० वर्षांपुढची महागाई कोणता संगणक जाणतो? पंचांगकर्त्यालाही ग्रहगणित येते, पावसाचे नक्षत्र सांगता येते. पण अमुक शेतात किती पाणी पडेल, हे तो सांगत नाही. या रंगीत आलेखांवर विसंबून निवृत्तीची तारीख ठरवणारे आणि ते खोटे आहेत म्हणून सारे नियोजनच झिडकारणारे, दोघेही त्या पानाला नको तितके महत्त्व देतात.

नियोजनाचे खरे मोल रटाळ पानांत आहे. पहिला प्रश्न असा की, कमावता माणूस उद्या नसला तर घर किती महिने चालेल? ज्या घरात सात-आठ पॉलिसी आहेत, तेथेही सर्वांची मिळून विमा रक्कम पुष्कळदा ५ लाखांच्या पुढे जात नाही. ४० हजार मासिक खर्चाच्या घराला ती वर्षभर पुरते, तेराव्या महिन्यात संपते. बचत आणि विमा यांची खिचडी केलेल्या पॉलिसीचा मोठा हप्ता भरण्यापेक्षा, ज्याला व्यवहारात टर्म पॉलिसी म्हणतात तो शुद्ध विमा अल्प हप्त्यात पुष्कळ मोठे संरक्षण देतो. मुदतीनंतर पैसे परत मिळत नाहीत म्हणून लोक तो घेत नाहीत. घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता वाया गेला, असे मात्र कोणी म्हणत नाही! वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. ज्याचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याने तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. तिच्या रकमेवर पत्नी आणि मुलांचा हक्क राहतो, सावकाराचा किंवा बँकेचा नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद कित्येक उद्योजकांना ठाऊकच नसते.

दुसरा प्रश्न वारसाचा. खात्यावर पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून लावले की काम झाले, हा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. शेअर आणि तत्सम रोख्यांचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांच्या वतीने स्वीकारणारा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका कुटुंबाच्या वादात स्पष्ट केले. गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेचा नॉमिनीही तात्पुरता सदस्य असतो. (आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असल्यास वेगळी तरतूद केली आहे, ती इतर ठिकाणी लागू नाही.) मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे समान वाटेकरी होतात. सदनिका 'आपोआप' पत्नीची होत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरेसे होतात. तरीही हा विषय काढला की घरात 'शुभ बोल' असे कोणीतरी म्हणतेच.

या अशुभाच्या भीतीने काय होते, ते रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत दिसते. मार्च २०२४ अखेर देशातील बँकांकडून दावा न झाल्यामुळे तिच्या निधीत जमा झालेली रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. यातील किती पैसा अशा घरांचा असेल, जिथे कपाटातल्या कागदांविषयी एकाच माणसाला माहिती होती आणि तो माणूस गेला? शोधासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले, हे योग्यच झाले. पण ज्या पत्नीला नवऱ्याची खाती कोणत्या बँकांत आहेत हेच माहीत नाही, ती पन्नाशीत किंवा साठीत एकटी पडल्यावर संगणकापुढे बसून शोध घेईल, ही अपेक्षा निर्दय आहे. शिकलेल्या, नोकरी केलेल्या स्त्रियाही 'ते सगळं हे बघतात' असे अभिमानाने सांगतात. तो अभिमान त्यांना फार महाग पडतो.

जे समाजाच्या कामात आयुष्य घालवतात, त्यांच्या घरांचा विचार येथे वेगळा करावा लागेल. सार्वजनिक कामाच्या पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा कार्यकर्ता स्वतःच्या घराच्या हिशेबाविषयी बोलणे कमीपणाचे मानतो. अपरिग्रह हे व्रत मोठे आहे. पण ते ज्याने घेतले त्याचे असते. पत्नीने किंवा मुलांनी ते घेतलेले नसते. अशा कित्येक घरांत शिक्षिका असलेल्या पत्नीच्या पगारावर संसार चालला, आणि तिच्या निवृत्तीनंतर त्या घराकडे आरोग्यविमाही नव्हता, हे आजूबाजूला पाहणाऱ्याला सहज दिसेल. समर्थ रामदासांनीही प्रपंच टाकून परमार्थाला निघालेल्याची बाजू घेतलेली नाही.

मग सल्लागाराला पैसे द्यावेत काय? तीस-पस्तीस वयाच्या, एक पगार आणि एक गृहकर्ज असलेल्या जोडप्याला बहुधा त्याची गरज नाही. पुरेसा टर्म विमा, आरोग्यविमा, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रोख आणि दरमहा नियमित गुंतवणूक एवढे दोन रविवारी बसून ठरवता येते. काही वळणे मात्र अशी असतात की, तेथे शुल्क वाचवणे हाच अपव्यय ठरतो. निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळालेले पैसे कुठे ठेवावेत. व्यवसायाचा आणि घराचा पैसा एकमेकांत मिसळलेला आहे तो वेगळा कसा करावा. घरात मतिमंद मूल आहे आणि आपल्या पश्चात त्याची सोय न्यास करून लावायची आहे. मुले परदेशी स्थायिक झाली आहेत आणि येथील घर विकून पैसा त्यांच्याकडे न्यायचा आहे. यातला प्रत्येक प्रश्न कर, कायदा, विमा आणि कुटुंबातील माणसांचे स्वभाव या साऱ्यांना एकाच वेळी स्पर्श करतो. येथे 'सर्वंकष' हा शब्द सार्थ आहे. एकट्या विमा प्रतिनिधीला, एकट्या कर सल्लागाराला किंवा एकट्या वकिलाला हे सुटत नाही.

व्यापारी माणूस दिवाळीत वहीपूजन करतो, जुन्या वर्षाचा हिशेब मिटवतो आणि नवी वही सुरू करतो. पगारदार घराला असा दिवस नाही. त्याने तो ठरवून घ्यावा. पाडव्याला फराळानंतर पती-पत्नी आणि सज्ञान मुलांनी एकत्र बसून एका वहीत सारी खाती, पॉलिसी, कर्जे आणि कोणाला दिलेले हातउसने लिहून काढावेत. पहिल्या वर्षी ते काम चार तासांचे होईल, पुढे अर्ध्या तासाचे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. वहीतल्या प्रत्येक खात्यापुढे ते नाव कोणाचे आहे, हे तपासण्यापासून सुरुवात करता येईल. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर आजही दिवंगत वडिलांचेच नाव असल्याचे त्या दिवशी कितीतरी घरांत आढळेल.